अक्रोपोलिस

अक्रोपोलिस : प्राचीन ग्रीक नगरांतील उंच टेकडीवरचा तटबंदीचा भाग. ग्रीक भाषेत ‘अक्रोस’ म्हणजे सर्वांत वरचे, टोकाचे आणि ‘पोलिस’ म्हणजे नगर. मराठीत बालेकिल्ला हा शब्द त्याला जवळचा आहे, पण दोहोंत एक फरक आहे. बालेकिल्ला हा किल्ल्याच्या पोटातला किल्ला, तर अक्रोपोलिस बहुतेक ठिकाणी नगराच्याही आधीची. आधी माथ्यावर माणसे राहिली, मग वस्ती उतारावरून खाली पसरली आणि पुढे खालच्या वस्तीलाच नगर म्हणू लागले. इ.स.पू. पाचव्या शतकातला इतिहासकार थुसिडिडीझ याने हे नेमके टिपले आहे. पूर्वी अथेन्स म्हणजे ही टेकडी आणि तिचा दक्षिण पायथा एवढेच होते, असे तो सांगतो. पुरावा म्हणून तो जुन्या देवळांच्या जागा दाखवतो आणि अथेन्सचे लोक अजूनही अक्रोपोलिसला नुसते ‘पोलिस’च म्हणतात, याकडे लक्ष वेधतो. त्या काळच्या शिलालेखांतही शिळा कोठे उभारावी हे सांगताना ‘पोलिसवर’ असे शब्द येतात. दगडमाती उकरण्याआधी नगराचा जन्म या एका शब्दातच सापडतो.

टेकडी निवडताना केवळ उंची पाहिली जात नसे. अथेन्सच्या मैदानात लिकाबेटस ही टेकडी 277 मीटर उंच आहे, तर अक्रोपोलिस समुद्रसपाटीपासून जेमतेम 150 मीटर. तरीही वस्ती झाली ती दुसरीवर, कारण लिकाबेटसचा माथा निमुळता आहे आणि अक्रोपोलिसचा सपाट, सुमारे 3 हेक्टरांचा. तीन बाजूंना कातळाचे कडे आणि पश्चिमेकडून तेवढी चढण. शिवाय पाणी होते. वरचा चुनखडक पाऊस मुरवून घेतो आणि खालच्या अभेद्य थराशी ते पाणी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वायव्य उतारावरचा क्लेप्सिड्रा हा त्यांतला प्रसिद्ध झरा. बहुतेक जुनी नगरे किनाऱ्यापासून थोडी आत वसली, याचे कारण थुसिडिडीझ समुद्री चाच्यांची भीती असे देतो. पायथ्याला शेतीचे मैदान, नजरेच्या टप्प्यात समुद्र आणि पाठीशी चढायला अवघड खडक, अशी ही जागांची निवड होती.

तटबंदीचे पहिले मोठे युग ग्रीसमधील कांस्ययुगीन मायसिनी संस्कृतीचे. मायसिनी येथील सिंहद्वार इ.स.पू. 1250 च्या सुमाराचे आहे. त्याच काळच्या टिरिन्झ या नगराच्या तटातले दगड असे अजस्र आहेत की, त्यांतला सर्वांत लहान दगडसुद्धा खेचरांच्या जोडीला जागचा हलवता येणार नाही, असे प्रवासवर्णनकार पॉसेनियस लिहून गेला. नंतरच्या ग्रीकांना ते माणसाचे काम वाटेना, म्हणून त्यांनी त्याचे श्रेय सायक्लोप्स या एकाक्ष राक्षसांना दिले. अशा बांधणीला आजही ‘सायक्लोपी’ म्हणतात. अथेन्सच्या टेकडीलाही इ.स.पू. तेराव्या शतकात असाच तट पडला.

त्याच शतकातली एक गोष्ट मात्र तटाहून अधिक बोलकी आहे. उत्तरेच्या कड्यात कातळाला वरपासून खालपर्यंत एक भेग आहे. अथेन्सच्या लोकांनी त्या भेगेत लाकूड आणि दगडी फरश्यांच्या पायऱ्यांचे आठ टप्पे बसवले आणि तळाशी विहीर खोदली. वेढा पडला तरी बाहेर न येता पाणी भरता यावे, यासाठी हा सारा खटाटोप. पायऱ्या फार टिकल्या नाहीत. पाव शतकभरात वापर थांबला आणि विहीर फुटक्या मडक्यांनी व केरकचऱ्याने बुजली. त्या अंधाऱ्या भेगेतून भरलेले भांडे घेऊन वर येणाऱ्या माणसांची धास्ती या पायऱ्यांवरून जितकी कळते, तितकी कोणत्याही तटावरून कळत नाही.

मायसिनी सत्ता कोसळल्यावर राजवाडे गेले. पुढच्या शतकांत माथा हळूहळू देवांचा झाला आणि माणसे खाली उतरली. आसपासची गावे एका नगरात विलीन होण्याच्या या प्रक्रियेला ग्रीक ‘सिनोइकिस्मोस’, म्हणजे एकत्र नांदणे, म्हणत. ॲटिका प्रदेशातील गावे थीसियस राजाने अथेन्सला जोडली, अशी तेथील लोकांची श्रद्धा होती आणि त्या स्मरणार्थ ते उत्सवही करीत. टेकडीच्या वायव्येची सपाट जागा इ.स.पू. सहाव्या शतकात अगोरा, म्हणजे बाजार आणि सार्वजनिक चौक, म्हणून आकाराला आली. नगरद्वारापासून अगोरातून चढत अक्रोपोलिसपर्यंत जाणारा मिरवणुकीचा मार्ग हा नव्या नगराचा कणा होता. लोकसभा भरे ती समोरच्या निक्स टेकडीवर.

माथा मोक्याचा असल्याने तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती नगर, हे गणित मात्र टिकून राहिले. पायसिस्ट्रॅटस याने इ.स.पू. 561 च्या सुमारास अथेन्सची सत्ता बळकावली ती अक्रोपोलिस ताब्यात घेऊनच. इ.स.पू. 508 मध्ये स्पार्टाचा राजा क्लिओमेनीझ वर जाऊन बसला, तेव्हा सामान्य नागरिकांनीच टेकडीला वेढा घातला. तिसऱ्या दिवशी स्पार्टाच्या सैन्याला तहावर निघून जावे लागले आणि अथेन्सचा नेता क्लाइस्थेनीझ याच्या लोकशाही सुधारणांची वाट मोकळी झाली. थीब्झ या नगराचे नशीब इतके बरे नव्हते. इ.स.पू. 382 मध्ये स्पार्टाने तेथील कॅडमिया ही टेकडी कपटाने घेतली आणि तेथे बसवलेल्या शिबंदीने तीन वर्षे खालचे नगर दाबून ठेवले. कॉरिंथची 575 मीटर उंचीची अक्रोकॉरिंथ टेकडी तर मॅसेडोनियाच्या राजांनी साऱ्या ग्रीसची बेडी म्हणून वापरली. ॲरिस्टॉटल याने हे अनुभव ओळखून मांडले : अक्रोपोलिस राजसत्तेला आणि मूठभरांच्या सत्तेला सोयीची, तर सपाट मैदान लोकशाहीला.

इ.स.पू. 480 मध्ये इराणी सैन्य आले, तेव्हा बहुतेक अथेन्सवासी नगर सोडून गेले होते. देवळाचे काही खजिनदार आणि गरीब माणसे तेवढी लाकडी अडसर रचून वर थांबली. जेथून कोणी चढूच शकणार नाही म्हणून पहारा ठेवला नव्हता, त्याच कड्याने शत्रू वर आला, असे हेरॉडोटस सांगतो. देवळे जळली. लोक परतल्यावर त्यांनी अर्धवट राहिलेल्या जुन्या पार्थेनॉनच्या, म्हणजे अथेना देवीच्या मंदिराच्या, स्तंभांचे गोल तुकडे उत्तरेच्या तटात बसवले. ते आजही खालच्या अगोरातून दिसतात. मोडतोड झाकण्याऐवजी ती सर्व नगराला रोज दिसेल अशी ठेवणे, हे मला जाणीवपूर्वक केलेले स्मारकच वाटते. याच वेळी अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीझ याच्या पुढाकाराने खालच्या संपूर्ण नगराला तट घातला गेला आणि पुढे पायरीअस बंदरापर्यंत लांब भिंती बांधल्या गेल्या. आता नगर स्वतःच किल्ला झाले. संरक्षणाचे ओझे उतरल्यामुळेच पुढचा नेता पेरिक्लीझ याला माथ्यावर इ.स.पू. 447 पासून संगमरवरी पार्थेनॉन आणि इ.स.पू. 437 पासून प्रोपिलिया हे महाद्वार उभारता आले.

सर्व नगरे याच वाटेने गेली नाहीत. आशिया मायनरमधील पर्गमम येथे ॲटलिड राजांनी राजवाडे, ग्रंथालय आणि महावेदी माथ्यावरच ठेवली. त्यांचे तीव्र उताराचे नाट्यगृह टेकडीच्या कुशीत कोरल्यासारखे बसले आहे. तेथेही रोमन काळात वस्ती मैदानात पसरली आणि आजचे बर्गामा खालीच आहे.

संकटात हा प्रवास उलटाही होई. इ.स. 267 मध्ये हेरुली टोळ्यांनी अथेन्स लुटल्यावर उरलेल्या लोकांनी टेकडीच्या उत्तर पायथ्याशी छोटासा तट घालून नगर आवळून घेतले. ऑटोमन काळात माथ्यावर शिबंदीची घरे दाटली होती आणि पार्थेनॉनमध्ये दारूगोळा साठवलेला होता. 26 सप्टेंबर 1687 रोजी व्हेनिसच्या तोफांनी त्याचा स्फोट घडवला. 1834 मध्ये अथेन्स नव्या ग्रीसची राजधानी झाले आणि माथ्यावरची घरे, मशीद, मध्ययुगीन मनोरा हे सारे त्या शतकात काढून टाकण्यात आले. राजधानीच्या बांधकामासाठी अनाफी बेटावरून आलेल्या गवंड्यांनी मात्र कड्याच्या अगदी खाली, ईशान्य उतारावर, आपल्या बेटावरच्यासारखी बुटकी पांढरी घरे बांधली. अनाफिओटिका नावाच्या त्या वस्तीत, दोन माणसे जेमतेम मावतील अशा बोळांच्या दोन्ही बाजूंना, अजून लोक राहतात.