प्रौढशिक्षण, टांझानियातील

उजामा (स्वाहिलीत ‘कुटुंबभाव’) या ग्रामसहकारावर आधारलेल्या समाजवादाच्या काळात (स्थूलमानाने १९६७–८५) टांझानियात शासनाने चालवलेले साक्षरता व लोकशिक्षणाचे कार्य. साक्षरतावर्गांना स्वाहिली या तेथील राष्ट्रभाषेत ‘किसोमो’ म्हणत.

या कार्याचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. उजामा धोरणाची घोषणा करणारा आरुशा जाहीरनामा (फेब्रुवारी १९६७) हा प्रारंभबिंदू मानण्याचा प्रघात आहे. तथापि मुले मोठी होऊन विकासाला हातभार लावेपर्यंत बरीच वर्षे जातील, म्हणून आधी प्रौढांना शिकवावे, ही भूमिका राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांनी १९६४ मध्ये पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या वेळीच मांडली होती. तेव्हा वैचारिक आरंभ तिथे शोधणे अधिक सयुक्तिक. अध्यापनपद्धती मात्र बऱ्याच अंशी युनेस्कोच्या म्वांझा (व्हिक्टोरिया सरोवराकाठचे शहर) येथील साक्षरता प्रकल्पातून (१९६८) आली. कापूस, केळी, मासेमारी अशा स्थानिक व्यवसायांवर बेतलेली वाचनपुस्तके ही त्या प्रकल्पाची देणगी होय.

१९७० हे प्रौढशिक्षण वर्ष म्हणून पाळले गेले. शासकीय आकड्यांनुसार निरक्षरांचे प्रमाण त्या सुमारास ६७ टक्के होते. ते १९७५ मध्ये ३९, १९७७ मध्ये २७ आणि १९८६ मध्ये सुमारे १० टक्क्यांवर आले. हे आकडे वाचताना १९७५ च्या राष्ट्रीय चाचणीतील चार पायऱ्या ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली पायरी वर्गातील हजेरीवरच मिळे. दुसरीत अक्षर-शब्दांची ओळख व एकअंकी बेरीज-वजाबाकी येई. तिसरी गाठणारा साक्षर गणला जाई. वर्तमानपत्र वाचणे आणि साधा हिशेब ठेवणे चौथीत अपेक्षित होते. टक्केवारीतील घट त्यामुळे खरी असली, तरी तिसऱ्या पायरीवरच्या माणसाचे वाचन टिकले का, हा आक्षेप रास्त वाटतो. वर्ग स्वाहिलीत चालत आणि ग्रामीण भागात अनेकांची ती मातृभाषा नव्हती, हेही विसरून चालत नाही.

सामाजिक परिणामाचा ठळक दाखला १९७३ च्या ‘म्तू नि आफ्या’ (माणूस म्हणजे आरोग्य) या आरोग्यमोहिमेचा. गावकरी गटाने रेडिओभोवती बसत, पाठ ऐकत, पुस्तिका वाचून चर्चा करत आणि मग शौचकूप खणणे, डासांची डबकी बुजवणे अशी कामे हाती घेत. सुमारे २० लाख लोकांनी तीत भाग घेतला. आहारविषयक ‘चाकुला नि उहाई’ (अन्न म्हणजे जीवन) मोहीम १९७५ मध्ये झाली. याच सुमारास लोकांना सक्तीने नव्या वसाहतींत हलवण्यात येत होते. त्यामुळे सहभाग कितपत स्वेच्छेचा होता, यावर अभ्यासकांत दुमत आहे. युगांडाशी झालेल्या युद्धानंतर (१९७८–७९) आर्थिक ओढाताण वाढली आणि कार्याचा वेग मंदावला.