मॉरिस मायनर आणि फोर्ड कॉर्टिना

मॉरिस मायनर (१९४८–७१) व फोर्ड कॉर्टिना (१९६२–८२) या ब्रिटनमध्ये मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी तयार झालेल्या दोन मोटारगाड्या. एंजिन पुढे आणि त्याची ताकद मागच्या चाकांना, ही रूढ मांडणी दोहोंत आढळते. परंतु मायनर मुख्यतः एका अभियंत्याच्या आग्रहातून घडली, तर कॉर्टिनाचा जन्म खर्चाच्या काटेकोर आखणीतून झाला.

मायनरचा आराखडा ॲलेक इसिगोनिस यांचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच ‘मॉस्किटो’ या नावाने तिचे काम सुरू झाले होते. उत्पादन तोंडावर आले असताना गाडी अरुंद दिसते असे वाटल्याने इसिगोनिस यांनी नमुन्याची गाडी मधोमध कापून ४ इंचांनी रुंद केली. बॉनेटच्या मध्यावरील उठावाची सपाट पट्टी ही त्याच दुरुस्तीची खूण होय. टॉर्शन बारचे (पिळल्यावर स्प्रिंगसारखे काम करणाऱ्या पोलादी दांड्यांचे) पुढचे सस्पेन्शन, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारी रचना, आणि दातेरी पट्टी व दातेरी चक्र यांवर चालणारे रॅक अँड पिनियन स्टिअरिंग यांमुळे ती वळणावर विलक्षण स्थिर राही. एंजिन मात्र मॉरिस एट या जुन्या गाडीचे, ९१८ सीसीचे आणि मंद होते. कंपनीचे संस्थापक लॉर्ड नफील्ड यांना ही गाडी मुळीच आवडली नव्हती, ते तिला ‘पोच्ड एग’ (पाण्यात फोडून शिजवलेले अंडे) म्हणत. तरीही दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. १९५२ मध्ये ऑस्टिन व मॉरिस या कंपन्या एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाल्यावर तिला ऑस्टिनचे ८०३ सीसीचे एंजिन मिळाले, पुढे ९४८ व १०९८ सीसीची एंजिने आली, पण मूळ आकार अखेरपर्यंत फारसा बदलला नाही. भारतात हिंदुस्थान मोटर्सची ‘बेबी हिंदुस्थान’ ही मायनरवरच आधारलेली होती.

कॉर्टिनाच्या नियोजनाची सूत्रे फोर्डच्या टेरेन्स बेकेट यांच्याकडे होती. स्पर्धक ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन पुढच्या चाकांना ताकद देण्याच्या नव्या तंत्रात गुंतलेले असताना फोर्डने डॅगनहॅम येथील आपल्या कारखान्यात जाणूनबुजून साधे यंत्र निवडले : मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, सुरुवातीला ११९८ सीसीचे एंजिन, आणि सांगाड्यात जेथे जेथे पत्रा वाचवता येईल तेथे तो वाचवलेला. त्यामुळे मायनरपेक्षा सुमारे अर्धा मीटर लांब असूनही ती वजनाने जवळपास तेवढीच भरे. हे कौशल्य मायनरच्या सस्पेन्शनइतके डोळ्यांत भरत नाही, म्हणून त्याची योग्य दखल क्वचितच घेतली जाते. दर काही वर्षांनी नवे रूप देण्याच्या धोरणामुळे वीस वर्षांत तिच्या पाच पिढ्या झाल्या. कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना दिलेल्या गाड्यांमध्ये तिचे प्रमाण इतके वाढले की गाडीच्या साजाची श्रेणी दाखवणाऱ्या ‘एल’, ‘एक्सएल’, ‘जीएक्सएल’ अशा अक्षरांवरून चालकाचा हुद्दा ओळखता येई. १९७० च्या दशकात बहुतेक वर्षे ब्रिटनमध्ये सर्वाधिक विक्री तिचीच होती.

जपणुकीच्या बाबतीत मायनर उजवी ठरते. तिचे पुढचे मडगार्ड नटबोल्टांनी बसवलेले असल्याने बदलणे सोपे जाते आणि सुटे भाग आजही मिळतात. ट्रॅव्हलर या मागे सामानाची जागा असलेल्या प्रकारातील ॲश लाकडाची चौकट मात्र केवळ शोभेची नसून गाडीच्या मागच्या भागाचा भार पेलणारी असते, त्यामुळे ती कुजल्यास दुरुस्ती महाग पडते. पहिल्या दोन पिढ्यांच्या कॉर्टिनात पुढच्या सस्पेन्शनचे वरचे टोक ज्या पत्र्याला जोडलेले असते तोच गंजतो, आणि तेथे वेल्डिंग करण्यावाचून गत्यंतर नसते.