सब्लिमेशन टीशर्ट छपाई

सब्लिमेशन टीशर्ट छपाई : घन रंगाची उष्णतेने थेट वाफ करून ती पॉलिस्टरच्या धाग्यात मुरवण्याची पद्धत. शाळेच्या विज्ञानात या क्रियेला 'संप्लवन' म्हणतात. देव्हाऱ्यातल्या डबीतली कापराची वडी न वितळता झिजत जाते, ती याच क्रियेमुळे. मराठवाड्यात दुकानाच्या पाटीवर आणि बोलण्यात 'सब्लिमेशन' हाच शब्द रुळला आहे.

यात डिस्पर्स जातीचे रंग वापरतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. शाईत बारीक कणांच्या रूपात असतात. डिझाइन खास कागदावर उलटे, आरशात दिसावे तसे छापतात. कागदावर ते फिकट आणि मळकट दिसते. खरा रंग हीट प्रेसखाली, म्हणजे तापवून दाबणाऱ्या यंत्राखाली खुलतो. साधारण १९० ते २०० अंश सेल्सिअसला ४५ ते ६० सेकंद दाब दिला की रंगाची वाफ होते. त्याच उष्णतेने पॉलिस्टरच्या रेणूंची वीण सैल पडलेली असते. वाफ आत शिरते आणि कापड निवताच तिथेच अडकते. छापलेल्या जागेवरून बोट फिरवले तर हाताला काहीच लागत नाही. वर थर नसल्यामुळे रबर प्रिंटसारखे तडे जात नाहीत.

मराठवाडा हा कापसाचा मुलूख, पण ही छपाई सुतीवर टिकत नाही. कापसाच्या धाग्यात हे रंग धरून ठेवायला जागा नसते, त्यामुळे धुण्यात चित्र पुसट होते. मिश्र कापडावर जेवढे पॉलिस्टर तेवढाच रंग राहतो. 'कॉटनवरच करून द्या' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आधीच सांगणे दुकानदाराचे कर्तव्य आहे. या शाईत पांढरा रंग नसतो आणि बाकीचे रंग पारदर्शक असतात. म्हणून कापड पांढरे किंवा फिकटच लागते, काळ्यावर चित्र उठत नाही.

ऑर्डरींचा हंगाम सणांवर चालतो : १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, गणेशोत्सव, गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा. घटस्थापनेच्या सुमारास तुळजापूरहून भवानीची ज्योत घेऊन गावाकडे धावत निघणारी तरुण मंडळेही एकसारखे टीशर्ट करून घेतात. छातीवर देवी, पाठीवर गावाचे आणि मंडळाचे नाव.

इथे सगळ्यात जपावा लागतो तो रंग आणि नाव. भगवा हा पिवळ्या आणि मॅजेंटा शाईतून बनतो; मॅजेंटा जरा वाढला की तो लालसर होतो. आंबेडकर जयंतीचा निळाही तसाच, थोड्या फरकाने जांभळ्याकडे झुकतो. स्क्रीनवरच्या रंगावर विसंबून चालत नाही. जाणता कारागीर आधी त्याच कापडाच्या चिंधीवर छोटा तुकडा दाबून बघतो, मगच पन्नास नगांना हात घालतो. नावांचे दुखणे वेगळे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडताना फॉन्ट बदलला तर 'ज्ञानेश्वर'मधले जोडाक्षर फुटते, वेलांटी जागा सोडते. अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी चित्रासारख्या आकारात बदलून पाठवली की हा धोका टळतो. तरीही कागद छापून निघाल्यावर, कापडावर दाबण्याआधी मंडळाच्या एखाद्या माणसाने सगळी नावे एकदा वाचावीत. कापडात मुरलेली चूक नंतर काढता येत नाही.

कागद सरकला तर चित्राला दुहेरी कड येते, म्हणून तो उष्णतारोधक टेपने चिकटवतात. पावसाळ्यात कापड दमट असते; आधी काही सेकंद कागदाशिवाय नुसते दाबून ओल घालवली नाही तर डाग पडतात. विजेचा दाब कमी असला की प्रेस तापायला वेळ घेते, रंग अर्धवट बसतो.

पॉलिस्टर घाम शोषत नाही. चाळिशी ओलांडणाऱ्या इथल्या उन्हात खेळासाठी डॉट निट हे जाळीदार विणीचे कापड बरे पडते. दिवसभर शेतात घालायला मात्र सुती टीशर्ट आणि त्यावर स्क्रीन प्रिंट हेच चांगले. सब्लिमेशनच्या टीशर्टला इस्त्री बेताची, उलट्या बाजूने करावी. फार तापली तर मुरलेला रंग पुन्हा वाफ होऊन शेजारच्या कापडाला लागतो.