अंगठ्याचा खड्डा आणि पेशीतला पंप

होळीच्या आधी साक्री तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं परतत होती. एका आजीने पावणेदोन वर्षांचा नातू कौतुकाने पुढे धरला. "मना नातू आते जाडा व्हई ऱ्हायना," ती म्हणाली. गाल भरलेले, पावलं गुबगुबीत. पण पोरगं कुणाकडे बघून हसत नव्हतं. केस विरळ आणि तांबूस. सोबतच्या अंगणवाडी सेविकाताईंनी काही न बोलता त्याच्या दोन्ही पावलांवर अंगठे टेकवले, तीन सेकंद दाबून धरले आणि उचलले. दोन्हीकडे खड्डे राहिले, ओल्या मातीत बोट रुतल्यासारखे.

ते बाळ जाड झालं नव्हतं. ते अति तीव्र कुपोषित होतं, अंगणवाडीच्या भाषेत 'सॅम'.

शाळेच्या पुस्तकात आपण सुकटी आणि सुजवटी असे दोन शब्द वाचलेले असतात. सुकटीचं मूल कुणालाही ओळखू येतं: म्हातारा चेहरा, बरगड्या, ढुंगणावर लोंबणारी कातडी. सुजवटीचं मूल मात्र घरच्यांनाच फसवतं. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, या आजाराचं वर्णन जगापुढे मांडलं. तिथल्या गा भाषेतलं त्याचं नाव क्वाशिओर्कोर. धाकटं भावंड आलं की आईच्या दुधावरून बाजूला पडलेल्या थोरल्याला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. आमच्या या नातवालाही दोन महिन्यांची बहीण होती.

सूज नसलेल्या मुलांसाठी सेविकांकडे रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर ती गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल, साडेअकरा ते साडेबारा असेल तर पिवळा, पुढे हिरवा. या पट्टीचं मला फार अप्रूप आहे. पहिल्या वाढदिवसापासून पाचव्यापर्यंत दंडाचा घेर फारसा बदलत नाही, कारण बाळसं उतरत जातं आणि त्या जागी स्नायू भरत जातो. त्यामुळे पाड्यावर जन्मतारीख नक्की माहीत नसली तरी अडत नाही. उंचीच्या मानाने वजन फार कमी असणं ही वेगळी कसोटी आहे. दोन्ही पावलांवर खड्डा पडला, तर मात्र वजन किंवा पट्टी काहीही सांगो, मूल सॅमच धरायचं.

आजीचा बेत ठरलेला होता. आता घरी आलोत, तर दूध, तूप, गुळाचा शिरा, पोटभर. प्रेमाने ठरवलेला हा बेत त्या बाळाच्या जिवावर बेतला असता. हे पटायला अवघड आहे, म्हणून जरा खोलात जातो.

आपल्या प्रत्येक पेशीच्या पडद्यावर हजारो पंप बसवलेले आहेत. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी ते १९५७ मध्ये दाखवून दिले आणि १९९७ साली त्यांना नोबेल मिळालं. हा पंप दर फेरीला सोडियमचे तीन आयन पेशीबाहेर टाकतो, पोटॅशियमचे दोन आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्च करतो. आपण नुसते पडून असलो तरी शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा या उपशावर जातो. उपासमार लांबली की शरीर काटकसर सुरू करतं आणि हे पंप मंदावतात. मग सोडियम आत झिरपतं आणि पोटॅशियम बाहेर येऊन लघवीवाटे निघून जातं. सूज येण्याचं कारण पूर्वी फक्त रक्तातल्या कमी प्रथिनाला दिलं जायचं. पण उपचारात ते प्रथिन वाढण्याआधीच सूज उतरताना दिसते, म्हणजे गोष्ट तेवढी सरळ नाही.

अशा शरीरात एकदम भरपूर शिरा गेला की रक्तातली साखर चढते आणि इन्सुलिन उसळतं. इन्सुलिन पेशींना साखर आत घ्यायला लावतं. आत आलेल्या ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूला पहिल्याच पायरीवर एक फॉस्फेट चिकटवावं लागतं, नाहीतर तो पुढे वापरताच येत नाही. शिवाय एटीपीमधला 'पी' म्हणजे फॉस्फेटच. त्यामुळे रक्तातलं फॉस्फेट पेशींमध्ये ओढलं जातं, पाठोपाठ पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही जातं. साठे आधीच रिकामे असतात. रक्तातली पातळी काही तासांत किंवा दिवसांत कोसळते, हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. त्यातच जागे झालेले पंप साठलेलं सोडियम बाहेर फेकू लागतात. त्यामागे पाणी रक्तात येतं आणि अशक्त हृदयाला तो भार पेलवत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले उपाशी कैदी पोटभर जेवल्यावर दगावल्याच्या नोंदी आहेत. कित्येकांच्या बाबतीत घडलं ते हेच.

म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात सुरुवातीला मुद्दाम हलकं दूध देतात. १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी, प्रथिन जेमतेम एक ग्रॅम, सोडियम कमी, वरून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम. दर दोन तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा. लोह सुरुवातीला देत नाहीत. प्रतिजैविक मात्र ताप नसला तरी देतात, कारण या मुलांच्या अंगात ताप आणण्याइतकीही ताकद उरलेली नसते. भूक परतली की मग १०० मिलिलिटरला १०० किलोकॅलरीचं दूध सुरू होतं. ज्या सॅम मुलाला सूज नाही, दुसरा आजार नाही आणि भूक चांगली आहे, त्याला दाखल करावं लागत नाही. गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात दिवसातून अनेकदा खाऊ घालून ते सावरतं.

इथे दोन गोष्टींवर मला बोललंच पाहिजे. सुजलेलं मूल 'बाहेरचं झालंय' म्हणून भगताकडे नेण्यात जे दिवस जातात, ते परत मिळत नाहीत. आणि अशक्तपणा म्हटलं की सलाईन चढवण्याची जी चाल गावोगाव पडली आहे, तीही तितकीच घातक आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. चांगल्या जाड भाकरीत त्याहून जास्त ऊर्जा असते. मिठाच्या पाण्याची बाटली तर सुजवटीच्या मुलाला नको असलेलं सोडियमच देते.

मोठ्या माणसांचं कुपोषण आपण मोजतही नाही. बांगड्या कोपराकडे सरकतात, लुगड्याला जास्त निऱ्या पडतात, आणि आपण म्हणतो 'वय झालं'. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उत्तर साडेअठराच्या खाली आलं तर वजन कमी आहे, सोळाच्या खाली तर गंभीर. म्हाताऱ्यांची पाठ वाकलेली असते, उंची धड मोजता येत नाही. मग पोटरी मोजा, ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर काळजी घ्या. प्रयत्न न करता तीन ते सहा महिन्यांत वजन दहा टक्के उतरलं तर क्षयाची तपासणी कराच. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना धान्य-डाळीचा शिधा दिला, तेव्हा घरातल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास प्रत्येक ग्रामपंचायतीत वाचून दाखवावा, असं मला वाटतं.

आणि आपली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी! ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, उडदात ते भरपूर असतं. उडदात जे कमी, ते ज्वारी भरून काढते. खान्देशातल्या बायकांनी ही जोडी जात्यावर कधीच जुळवली होती. ऊसाच्या फडावर मात्र कळणं नसतं, नुसती भाकरी आणि मिरचीचा ठेचा असतो.

नातू दाखल झाला. पाचव्या दिवशी आजीचा जीव खाली-वर झाला, कारण काट्यावर पोराचं वजन घटलं होतं. ती त्याला घरी न्यायला निघाली होती. तिथल्या परिचारिकेने तिचाच अंगठा धरून नातवाच्या पावलावर टेकवला, तीन सेकंद दाबला. खड्डा जवळजवळ पडला नाही. उतरलं होतं ते पाणी. आजी अंगठ्याकडे बघत राहिली आणि पोरगं तिच्या हातातल्या भाकरीच्या फडक्याला झोंबू लागलं.