शिशाचा एप्रन नाही म्हणून दाताचा एक्सरे टाळू नका

परवा पंचवटीतली आमची मावशी दाढ ठणकत असताना क्लिनिकमधून तशीच परत आली, का तर एक्सरे काढताना शिशाचा एप्रन दिला नाही, आणि एप्रन नसेल तर रेडिएशन सगळ्या अंगात जातं असं तिने वर्षानुवर्षं ऐकलेलं. हा समज आता सोडायला पाहिजे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2024 मध्येच सांगितलं की एप्रन आणि थायरॉइड कॉलर, म्हणजे गळ्याभोवतीची शिशाची पट्टी, यांची गरज नाही, गरोदर बाईला किंवा लहान मुलालासुद्धा. कारण किरणांचा झोत दातावरच असतो, बाकी अंगात जे थोडंफार जातं ते डोक्यातूनच आत विखुरलेलं असतं, ते बाहेरचा एप्रन अडवणार कसं? उलट कॉलर मध्ये आली की फोटो बिघडतो अन् परत काढावा लागतो, म्हणजे डोस डबल.

एका छोट्या डिजिटल एक्सरेचा डोस साधारण 5 मायक्रोसिव्हर्ट (हे रेडिएशन मोजायचं एकक), तेवढं तर निसर्गातून आपल्याला दिवसभरात मिळतंच.

खरी बचत दुसरीकडे आहे. मशीनच्या तोंडाशी झोत आवळणारा कोलिमेटर असतो, तो गोलऐवजी चौकोनी लावला की झोत तोंडात ठेवलेल्या, फोटो टिपणाऱ्या सेन्सरच्या मापाचा होतो, डोस बराच उतरतो. जुने एक्सरे सोबत न्या, म्हणजे तेच परत काढायला नको. सीबीसीटीला, म्हणजे दात-जबड्याच्या थ्रीडी स्कॅनला, मात्र डोस कितीतरी जास्त, तिथे "डॉक्टर, साध्या एक्सरेत भागणार नाही का" असं बिनधास्त विचारा, आणि मशीनची एईआरबीकडे (रेडिएशनच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी आहे का तेपण. मावशीला उद्या मीच घेऊन जातोय.