शिदोरी, डबा आणि क्रॉसिंग

दरवर्षी जूनमध्ये कोकण रेल्वेच्या गाड्यांचं वेळापत्रक बदलतं आणि घरोघरी डब्याचा हिशेबही बदलतो. पावसाळी वेळापत्रक बरीच वर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर असं चालायचं. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं आखूड केलं गेलं. या दिवसांत मार्गाच्या मोठ्या भागात गाडी ताशी ७५ किलोमीटरच्या वर जात नाही आणि पावसाने समोरचं दिसेनासं झालं की ४० वर येते. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांनी गाड्या घसरून काय झालं, हे ज्यांना आठवतं ते या संथपणाबद्दल कुरकुरत नाहीत. दोन भाकऱ्या जास्त बांधून घेतात, एवढंच.

उशिराचं दुसरं कारण बारमाही आहे. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झाला, तो एकेरी. रोहा ते वीर हा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढे मात्र समोरून गाडी येणार असेल तर एकीला बाजूच्या लाइनीवर गप उभं राहावंच लागतं. हे ‘क्रॉसिंग’ कधी दहा मिनिटांत आटपतं, कधी पाऊण तास खातं. कोकणच्या गाडीतला डबा घडवला तो या पाऊण तासाने. परंपरा वगैरे आपण मागाहून चिकटवलेलं आहे.

कारण परंपरा पाहायला गेलं तर प्रवासात खाणं ही कोकणी माणसाला परवडणारी चैन नव्हतीच. भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने निघालेल्या माणसाला आधी बोट लागायची आणि जवळ असायचा तो लिंबू, आलेपाक, आवळासुपारी. पावसाळ्यात ती बोटही बंद. पुढे एसटी आली, तिलाही घाट आणि वळणं. खाणं व्हायचं ते गाडी थांबेल तिथे, चालक-वाहकांच्या पसंतीच्या हॉटेलात. मांडी घालून, फडकं पसरून, शेजारच्याला ‘घ्या हो’ म्हणत जेवायची जागा कोकणच्या वाटेवर प्रथम मिळाली ती रेल्वेच्या बाकावर. शिदोरी हा शब्द जुना, पण तिला बसायला जागा मिळून जेमतेम एक पिढी झाली.

डब्यात काय असावं याचा निकाल नारळाने लावला. घरी ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो ओल्या खोबऱ्याचा चव दमट हवेत दुपारपर्यंत आंबूस होतो. म्हणून दडपे पोहे गाडीत नेत नाहीत, ओली चटणी नेत नाहीत, उसळ न्यायचीच तर वाटणाशिवायची. त्यांच्या जागी सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी, मेतकूट, तिखटमिठाच्या पुऱ्या, दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या. मालवणी घरांतून वडे आणि कोरडी परतलेली सुकट. सुकटीच्या वासावरून आपल्या डब्यात, म्हणजे रेल्वेच्या, किती भांडणं झाली असतील याचा हिशेब नाही. ज्याला वास सोसवत नाही त्याने खिडकी उघडावी, असं माझं मत आहे. तांदळाची भाकरी निवली की कडक होते, म्हणून प्रवासाची भाकरी उकड काढून, चांगली मळून करतात. ती संध्याकाळपर्यंत मऊ राहते. घावणं गरम गरमच बरं. दुसऱ्या दिवशीच्या घावण्याची चामडी होते.

या डब्यात एक जागा मात्र मुद्दाम मोकळी सोडलेली असायची: फळाची. एप्रिल-मेमध्ये गाडी एखाद्या आडगावच्या स्टेशनात क्रॉसिंगला उभी राहिली की खिडकीशी बायका टोपल्या घेऊन यायच्या. पानाच्या द्रोणात करवंदं, जांभळं, मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी, रायवळ आंबे, उकडलेल्या शेंगा. ही स्टेशनं त्या गाडीच्या छापील थांब्यांत नसायची. कुठली गाडी कुठे अडकते हे त्या बायकांना चौकशीच्या खिडकीपेक्षा बरं ठाऊक असायचं.

आणि वाद आहे तो इथेच. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४४ व्या कलमानुसार परवान्याशिवाय गाडीत किंवा रेल्वेच्या हद्दीत काहीही विकणं हा गुन्हा आहे; त्याला दंड आहे आणि कैदही होऊ शकते. कलम मार्गाहून जुनं, पण त्याची धार कमीजास्त होत राहिली. मोहीम निघाली की टोपल्या दिसेनाशा होतात, मोहीम थंडावली की पुन्हा येतात. प्रशासनाची बाजू पोकळ नाही. रूळ ओलांडून, खडीवरून धावत, सुटत्या गाडीला हात लावून होणारी ही विक्री जिवावरची आहे. शिवाय परवान्याचे पैसे भरणाऱ्या स्टॉलवाल्याने विनापरवाना टोपलीशी स्पर्धा का करावी, हा प्रश्न रास्तच आहे. स्वच्छतेचा मुद्दाही पुढे केला जातो. तो मला तितकासा पटत नाही. सकाळी झाडावरून उतरवलेलं जांभूळ आणि फलाटावर दिवसभर तळण खाणारं तेल यांत धुतल्या तांदळाचं कोण, हे खाणाऱ्याने ठरवावं.

पण परवाना घेऊन रीतसर विका, हे सांगणाऱ्याने करवंदाची टोपली कधी सांभाळलेली नसते. हंगाम दीड-दोन महिन्यांचा, माल एका दिवसाचा, गिऱ्हाईक दिवसातून दोन-तीनदा आणि तेही दहा मिनिटांचं. घाटाच्या पायथ्याशी गाडी ठरलेल्या वेळी थांबते म्हणून कर्जतला वड्याचा स्टॉल उभा राहू शकला. क्रॉसिंगचं स्टेशन रोज बदलतं. स्टॉल घालणार कुठे?

२०२२ च्या अर्थसंकल्पात ‘एक स्टेशन, एक उत्पादन’ ही कल्पना मांडली गेली आणि त्याच मार्चपासून देशभर निवडक स्टेशनांवर स्थानिक मालाचे स्टॉल लागू लागले. नाममात्र शुल्क, ठरावीक दिवस, मग दुसऱ्याची पाळी. कल्पना चांगली, पण तिला मानवतो तो बाटलीत किंवा पाकिटात बसणारा माल. काजू, कोकम सरबत, आंबापोळी, फणसपोळी यांना वाट मिळाली. वेंगुर्ल्याचा काजू आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम यांना भौगोलिक मानांकन आधीच मिळालेलं होतं. जांभूळ पाकिटात बसत नाही. थोडक्यात, ज्याला दुकान मिळत होतं त्याला फलाट मिळाला आणि जिला फलाटही वर्ज्य होता ती कुंपणापलीकडेच राहिली.

टोपल्या विरळ झाल्या तसा डबा जड झाला. मोकळी सोडलेली जागा आता घरूनच भरावी लागते: केळी, चिरलेली फळं, बिस्किटांचे पुडे. त्याच काळात फॉइल आलं आणि केळीचं पान गेलं. २०१८ च्या राज्यातल्या प्लॅस्टिकबंदीने पान परत येईल असं वाटलं होतं, पण आले ते कागदी डबे. गाडीतलं शिजवलेलं जेवण करोनाकाळात बंद झालं ते नोव्हेंबर २०२१ पर्यंत. तोवर ‘घरून जेवण-पाणी आणा’ हे आजीचं सांगणं सरकारी सूचना होऊन बसलं होतं. फोनवरून सीटवर जेवण मागवायची सोय आता आहे, पण ती मोठ्या थांब्यांपुरती. दोन बोगद्यांच्या मध्ये क्रॉसिंगला अडकलेल्या गाडीपर्यंत ती पोचत नाही, बोगद्यात तर फोनच लागत नाही.

चाकरमान्यांची गर्दी गणपतीत. जाताना डबा हलका, कारण गावी पोचायची घाई. येताना त्याच पिशवीत भाकऱ्यांशेजारी तांदूळ, कुळीथ, नारळ, एखादा भोपळा. स्लीपरमध्ये माणशी ४० किलोची सूट आहे. ती या दिवसांत कोणी मोजत नाही. खायचं कुठलं आणि शेजाऱ्यांना वानवळा म्हणून द्यायचं कुठलं, याचा घोळ पनवेलपर्यंत चालतो. त्याआधी घरच्या गणपतीला विसर्जनाच्या वेळी शिदोरी बांधून दिलेली असते: पोहे, गूळ, खोबरं आणि हातावर दही. त्याच्या वाटेवर क्रॉसिंग नाही, म्हणून दही चालतं.