मुलाच्या वतीने कोण बोलणार? सीमाभागातील प्रतिपालकत्वाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील सिएटल येथील न्यायाधीश डेव्हिड सूकप यांच्यापुढे अत्याचार आणि दुर्लक्षाला बळी पडलेल्या मुलांची प्रकरणे येत. परंतु ज्याच्या आयुष्याचा निर्णय द्यायचा, त्या मुलाची पुरेशी माहिती समोर नसे. म्हणून १९७७ मध्ये त्यांनी मुलाची माहिती घेऊन न्यायालयात त्याच्या वतीने बोलण्यासाठी प्रशिक्षित नागरिकांना स्वयंसेवक म्हणून नेमण्यास सुरुवात केली. असा स्वयंसेवक सहसा एका वेळी एकदोनच प्रकरणे हाती घेतो, मुलाला वरचेवर भेटतो, शिक्षक आणि नातेवाइकांशी बोलतो व न्यायालयाला लेखी अहवाल देतो. त्याच्याकडे वेळ असतो, आणि माझ्या मते या कामाचे सारे बळ तेथेच आहे.

आपल्याकडची वाट वेगळी आहे. मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये बालकांसाठी कायदा केला, तेव्हा बेळगाव त्याच इलाख्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. पुढे १९८६, २००० आणि २०१५ चे केंद्रीय बाल न्याय कायदे आले. २०१५ च्या कायद्यातील कलम ४४ प्रतिपालक कुटुंबाची, म्हणजे दुसऱ्याचे मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबाची, तरतूद करते. मुलाला कोठे ठेवायचे हे अध्यक्ष व चार सदस्यांची बाल कल्याण समिती ठरवते आणि त्या कुटुंबाची दरमहा पाहणी करणेही तिच्याकडेच आहे. २०२२ च्या मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलामागे महिना ४,००० रुपयांचे साहाय्य आहे. मात्र केवळ त्या एका मुलासाठी नेमलेला स्वयंसेवक या रचनेत नाही.

सीमाभागात ही उणीव अधिक जाणवते. खानापूर किंवा निपाणीकडचे मराठी घरातले मूल समितीपुढे येते, तेव्हा कामकाज आणि कागदपत्रे कन्नडमध्ये असतात. ‘गावाकडं आजी हाय, पण काका मारतो,’ असे एखादे मूल पुटपुटले, तर त्या अर्ध्या वाक्यावरच त्याला कोठे पाठवावे हे ठरायला हवे. जिल्हा बाल संरक्षण घटकाने दुभाष्यांची यादी ठेवावी, अशी तरतूद २०१६ च्या आदर्श नियमांत आहे, आणि ती मोलाची आहे. तरीही दुभाषी बोललेले शब्द पोहोचवतो. काकाच्या भीतीने मूल गप्प बसले, तर ते का गप्प आहे हे त्याच्या शाळेत आणि गल्लीत जाऊन आलेला, दोन्ही भाषा जाणणारा माणूसच समितीला सांगू शकतो. सीमाभागात अशा माणसांची वानवा नाही. त्यांना प्रशिक्षण आणि समितीपुढे बोलण्याचा अधिकृत मान मिळायला हवा.